कुमार बोलला

“मॅडम, ह्याला तेवढं बोलतं करा,” धुळा दारातूनच म्हणाला. खुर्ची पुढे केली तरी तो आत आला नाही. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला. आत त्याचा मुलगा कुमार दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता.

शाळेच्या या समुपदेशन कक्षात एरवी लेझीम आणि संमेलनाचे पडदे राहतात. समुपदेशक म्हणजे विजयमाला मॅडम, मूळच्या इतिहासाच्या. पुण्याला प्रशिक्षणाला जायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना धाडलं आणि त्या परत आल्यावर दारावर पाटी लावली. तेव्हापासून पोरांचं करिअर, कॉलेजचे प्रवेश, परीक्षेची धास्ती, प्रेमप्रकरणं, सगळं त्यांच्या गळ्यात. मॅडमनी कुरकुर भरपूर केली आणि काम जीव लावून केलं.

“नेमकं काय होतंय, धुळाभाऊ?”

“होस्टेलच्या सरांचा फोन आला, थोडं दिस घरी न्या म्हनले. आनला. जेवत न्हाय, झोपत न्हाय. कुनी मारलं का, कुनी बोललं का, इचारून दमलो. माजं मेंढरू आजारी पडलं तर लांबनं कळतं मला. पोराचं कळंना.”

मॅडमनी त्याला बाहेर लिंबाखाली बसायला सांगितलं.

कुमार यंदा दहावीला शाळेत पहिला आला होता. चौऱ्याण्णव टक्के. सांगोल्याकडच्या त्या माळावरच्या गावात एवढे मार्क कुणी पाहिले नव्हते. गावाने सत्कार केला, आणि पोरगा डॉक्टर होणार हे सत्कारातच ठरलं. त्याला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण फेटा बांधून, माइकवर. अशा वेळी कुठला पोरगा नाही म्हणेल? आणि विचारणाऱ्या विजयमाला मॅडमच होत्या. मग सोलापुरात अकरावी सायन्स, त्याच्या जोडीला डॉक्टरकीचा क्लास, क्लासचंच होस्टेल.

“कुमार, कुणी त्रास देतं का तिथं?”

“न्हाय मॅडम.”

“मग?”

 मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला नाही, नुसत्या थांबल्या. प्रशिक्षणात शिकवलेल्या गोष्टींपैकी ही एकच त्यांना पटली होती.

“समदं इंग्रजीत हाय,” तो शेवटी म्हणाला. “सर इचारत्यात, समजलं का. समदी येस सर म्हनत्यात. मी बी म्हनतो. मला कायबी समजत न्हाय, मॅडम. पेपर पुढं आला की हातच चालत न्हाय. रात्री उठून बसतो. वाटतं, आता सकाळ हूच नये.”

 श्वास मोजायला सांगायचं, वेळापत्रक करायचं, सगळं त्या विसरल्या. असं वाक्य मुलाच्या तोंडून आलं तर त्याला एकटं ठेवायचं नाही, घरच्यांना सांगायचं, डॉक्टरला दाखवायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

“परत यायचं का? इथं तालुक्याला आर्ट्सला प्रवेश घेऊ. मी करून देते.”

कुमारने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. “आबाला काय सांगू?”

“मी सांगते. आजच येते घरी.”

संध्याकाळी त्या स्कूटीवरून वस्तीवर गेल्या. मेंढरं नुकतीच वाड्यात आली होती. पत्र्याच्या खोलीपुढे छप्पर, छपराखाली बाज, बाजेवर कुमार उताणा पडलेला. मॅडमनी सहज वर पाहिलं, तर कुमारच्या डोक्यावर कुमारच होता. सत्काराचा फ्लेक्स छपराच्या उघड्या वाशांवर ताणून बांधला होता. फेट्यातला हसरा कुमार, खाली ठळक अक्षरांत ‘आमचा भावी डॉक्टर’.

“गळत हुतं म्हनून टाकलाय,” कुमारची आई, फुलाबाई, चहा देता देता म्हणाली. “तोंड आत केलंय, उनानं रंग उडंल म्हनून. ह्यो सोलापुरात असला की मी त्येच्याकडं बगतच झोपते.”

हे काढून ठेवा, असं मॅडम सांगणार होत्या. त्यांना ते बोलवेना.

त्यांनी धुळाला समोर बसवून सरळ सांगितलं. अभ्यास झेपत नाही, यात त्याचा दोष नाही. मनाने खचलाय. त्याच्या डोक्यात जगण्याबद्दल वाईट विचार येतायत. त्याला आता तिकडे परत पाठवू नका, आणि उद्या माझ्याबरोबर सोलापूरला मनाच्या डॉक्टरकडे चला.

धुळा रागवेल, वाद घालेल, याची त्यांनी तयारी केली होती. येताना वाटेत उत्तरंही जुळवली होती. धुळाने काहीच विरोध केला नाही. त्याने फक्त खाली पाहिलं, मातीवरची एक काडी उचलली आणि मोडली.

“त्येच्या जिवापरीस काय हाय, मॅडम? न्हाय झेपत तर न्हाय.” मग तो कुमारकडे वळला. “नगं जाऊ, बाळा. मेंढरं हायती की आपली. काय बिघडत न्हाय.”

 त्याने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. फुलाबाई चुलीकडे तोंड करून बसली.

कुमार बाजेवर उठून बसला. त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे.

“न्हाय आबा,” तो म्हणाला. “जातो मी. बरं हाय आता मला. आये, भूक लागलीय.”

फुलाबाई वळली ती हसतच. तिने ताट वाढलं. कुमार मांडी घालून जेवायला बसला.

“कुमार, सकाळी मला काय म्हणालास?”

“ते उगंच, मॅडम. घरची सय आली हुती.”

“धुळाभाऊ, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. तुमचं तोंड बघून म्हणतोय तो. उद्या डॉक्टरकडे जायचंच.”

“मॅडम, जेवतंय की पोरगं,” धुळाचा चेहरा उजळला होता. “मेंढरू चरायला लागलं की आमी वैद्य बोलवत न्हाय. तुमी दोन शब्द बोलला अन् गाठ सुटली बगा. लई उपकार झालं.”

मॅडमनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा जोरात, पहिल्यापेक्षा स्पष्ट. धुळाने मान डोलावून ऐकून घेतलं आणि सकाळच्या गाडीने मी स्वतः त्याला होस्टेलवर सोडून येतो म्हणाला. मग त्यांनी कुमारला बजावलं, मला रोज फोन करायचा.

“व्हय मॅडम,” कुमार म्हणाला. होस्टेलवर मोबाइल चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तो घास तोंडात घेत होता, बराच वेळ चावत होता आणि प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत होता. हे फक्त मॅडमना दिसलं. त्याने एकदा वर पाहिलं. बोलू नका, एवढंच त्या नजरेत होतं.

फुलाबाईने त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली, हात धुतले आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली.

“पहिल्यांदा आलाय आमच्याकडं. तशा जाऊ नगा.”

विजयमाला मॅडमनी कपाळ पुढे केलं.