पिसांवर ठेवलेला ठपका

फोरमनची धाकटी मुलगी पाळण्यातून उतरून चालायला लागली, त्या वर्षी त्याच्या कारखान्यात पिसांचं पिंप बसलं. कारखान्यात लोखंडी वस्तूंवर तांब्याचा मुलामा चढायचा. सांडपाण्यात उरलेलं तांबं कोंबडीची पिसं धरून ठेवतात, हे इंजिनिअरनं दाखवून दिलं होतं. पिसं हिरवी-निळी पडली की त्यांचं पोट भरलं. मग ती काढून नवी भरायची.

पिसं यायची फोरमनच्या सासऱ्यांच्या कोंबडीच्या दुकानातून. म्हातारा ती सोड्याच्या गरम पाण्यात खळबळून, वाळवून पोत्यात भरायचा. "जन्मभर कचऱ्यात टाकलं, ते जावयाच्या कामी आलं," असं गिऱ्हाइकांना धरून धरून सांगायचा.

पोतं रात्रभर फोरमनच्या जिन्याखाली राही. एकदा शेजारीण म्हणाली, "भाऊजी, खुराडं घातलंत की काय?" जिन्यावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. त्या दिवसापासून त्यानं पोतं आणणंच सोडलं. पोट भरलेल्या पिसांवरच पाणी सोडत राहिला.

तपासणीत पाणी नापास झालं. मालकांनी चारचौघांत विचारलं, तेव्हा तो बोलून गेला, "पिसंच धड धुतलेली नव्हती, साहेब. तेलकट होती."

आता पोती दुकानातून थेट कारखान्यात नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं हे सासऱ्यांच्या कानावर घातलं.

"बाबा आता तीनतीनदा धुतात," बायको म्हणाली. "सोड्यानं हात सोलून निघालेत. तुम्ही खरं सांगताय की मी सांगू?"

"मीच सांगतो."

तो दुकानात गेला. सासऱ्यांनी फडक्यानं खुर्ची पुसली. "या, जावईबापू! पाणी पास झालं का?"

"झालं, मामा." नवी पिसं भरल्यावर ते होणारच होतं.

"बघा! म्हणजे खोट माझ्याच धुण्यात होती. माझ्यापायी तुम्हाला खाली बघावं लागलं. माफ करा."

जोडलेल्या हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं बघत होती.

"असू द्या, मामा," तो म्हणाला.

माफी मागायला गेलेला माणूस माफ करून परत आला.

"सांगितलंत?" बायकोनं दारातच विचारलं.

"हो," म्हणाला, आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला.

सासरे पुढच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी वारले.