दुधाचा बर्फ

आमच्या टीमचे दोन भाग आहेत. अर्धे लोक उपग्रहाच्या चित्रांवरून ध्रुवाकडचे बर्फाचे थर किती वितळले ते मोजतात, आणि पेपरात त्यांचे फोटो येतात. उरलेले आम्ही तिथल्या माणसांच्या तब्येतीचं बघतो. आमचे फोटो कुठेच येत नाहीत. मी सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये दोन पंखे लावून, आर्क्टिकमधल्या म्हाताऱ्यांनी आमच्या प्रश्नावलीला दिलेली उत्तरं वाचते आणि प्रत्येकापुढे एक शब्द लिहिते: बर्फ 'चांगला' किंवा 'बिघडलेला'. बर्फ बिघडला की शिकारीची वाट बंद होते, मग दुकानातलं डबाबंद खाणं येतं आणि त्याच्या मागून साखर आणि रक्तदाब. ज्या गावांचा बर्फ बिघडलाय तिथे नर्स आधी पाठवायची, असं ठरलं होतं. ही यादी शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या बॉसला, नीलिमाला, द्यायची होती.

एका गावानं मला मुळीच त्रास दिला नाही. अकरा जणांनी जवळजवळ एकच सांगितलं होतं: तळ्यावरचा बर्फ आता दुधासारखा पांढरा असतो. त्यातली एक आजी म्हणाली होती, 'किती छान दिसतो, असं मी नातवंडांना सांगते.' मी अकराही जणांपुढे 'चांगला' लिहून टाकलं. चहा निवायच्या आत गाव संपलं.

दुधासारखा बर्फ वाईट कसा असेल? मी तो खाऊनच मोठी झाले.

माझे बाबा, दादाराव, अकोल्याच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. चौदा एप्रिलला अकोला नुसतं भाजून निघतं, आणि आमच्या विहारासमोर जयंतीचं सरबत असायचं. बाबा सकाळीच सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी घेऊन यायचे. वरचा भुसा झटकायचा मान माझा. भुसा गेला की आत पांढरीशुभ्र लादी! "बाकीच्यांना काचेसारखा बर्फ," बाबा म्हणायचे, "आपल्या पोरांसाठी खास दुधाचा." सरबतात पडायच्या आधीच मी एक तुकडा पळवायचे आणि तो चोखत वस्तीभर मिरवायचे. त्याला दुधाची चव लागायची. अजूनही कुणी शपथेवर विचारलं तरी लागायची असंच सांगेन.

बाबा महिन्याभरासाठी सिंगापूरला आले होते. त्या शनिवारी दुपारी माझ्या मुलीनं, मैत्रेयीनं, त्यांना आइस कचांग खायला हॉकर सेंटरला न्यायचं ठरवलं. यादी तयारच होती, घरी येऊन नुसती पाठवायची होती, म्हणून मीही निघाले. किसलेल्या बर्फाचा ढीग, त्यावर रंगीत पाक आणि तळाशी राजमा बघून बाबा खो खो हसले.

"बर्फात राजमा? काय लोक हायेत बाप्पा!"

तेवढ्यात स्टॉलवरच्या मावशींनी मशीनमध्ये नवा ठोकळा बसवला आणि बाबांचं खाणं थांबलं.

"पांढरा हाये," ते म्हणाले. "हवा राहून गेली आत. आमच्याकडं असा माल निघाला का मालक बोंबलायचा."

"म्हणजे दुधाचा बर्फ," मी म्हटलं. "चांगलाच की!"

"काहून चांगला व?"

मग मी त्यांना त्या गावाची गोष्ट सांगितली. तिथल्या तळ्यावरही तुमचाच बर्फ असतो म्हणून चिडवलं. बाबा हसले नाहीत.

"त्याच्यावरून माणसं जातात?" त्यांनी विचारलं.

"जातात ना. सामान ओढत, तळ्यापलीकडे शिकारीला."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "लाईट गेली का आमची हवेची नळी बंद पडे. डब्यातलं पाणी हलत नसे, अन् लादी पांढरी निघे. उचलली का मधातून तुटे. काचेसारख्या लादीवर आम्ही चौघं उभे राहू. पांढरीवर मी एकटाही उभा राहिलो नाही कधी."

"मग आपल्याकडे यायचा तो?"

बाबांनी वाटी बाजूला सारली. "तोच. टाकाऊ माल. मालक म्हणे, घेऊन जा तुमच्या वस्तीत. सहा वर्षांची होती तू. तुले काय सांगू?"

मला राग आला. आधी त्या मालकाचा, मग बाबांचा, आणि मग स्वतःचाच. एवढी शिकले, आणि एका गावाचा बर्फ मी लहानपणच्या जिभेनं तपासला! बर्फ मोजणाऱ्या प्रीतमला तिथूनच मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'पांढरा बर्फ काचेसारख्याच्या निम्म्या ताकदीचा धर. इतकी वर्षं एकाच टीममध्ये आहोत आपण, आणि आज विचारतेस?' मी नीलिमाला कळवलं की यादी थोडी उशिरा येईल, एक गाव उलटं वाचलंय.

"पण ती आजी छान दिसतो म्हणाली होती," मी बाबांना म्हटलं.

"नातवंडांना सांगते म्हणाली ना?" बाबा म्हणाले. "तिले सारं माहीत असंल."

मैत्रेयीचं तोंड भरलेलं होतं. "आजोबा, मिल्क आइस इज द गुड वन, राइट? ममा ऑलवेज से लाह."

मी बाबांकडे पाहिलं. हो म्हणा, एवढंच मनात होतं.

"नाही बेटा," बाबा म्हणाले. "दूध नसते त्याच्यात. नुसती हवा असते. असल्या बर्फावर पाय नाही ठेवायचा."

मैत्रेयी "ओके" म्हणाली आणि पुन्हा खायला लागली.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि एकेक 'चांगला' खोडत 'बिघडलेला' लिहीत गेले. दहा ओळी झाल्या. आजीच्या ओळीशी बोटं अडली. मला रडू आवरेना. तिच्या नातवंडांसाठी आणि माझ्यासाठीही, तो बर्फ मला अजून दुधाचाच हवा होता. बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं.