जांभळाची साक्ष

वीस जांभळांचा गर, एक वाटी दही, अर्धं केळं आणि सुपारीएवढा गूळ. मिक्सरचं झाकण सैल होतं, म्हणून ते तळहातानं दाबून धरायचं आणि तीस सेकंद फिरवायचं. बर्फ नाही, मीठ नाही. मोबाइलवर पाककृती सांगणाऱ्या बाईनं ब्लूबेरी सांगितली होती, पण वणीच्या बाजारात ब्लूबेरी कोण विकणार? जूनचा तिसरा आठवडा होता आणि शेजारच्या बेबीताईंच्या जांभळाखाली रोज सकाळी सडा पडत होता. साधनानं तीन मिनिटांत स्मूदी तयार केली, ग्लासात ओतली आणि वडिलांसमोर आदळली.

कोळशाच्या खाणीत जन्म काढलेल्या डोमाजींनी ग्लासात डोकावून पाहिलं. "खाणीच्या पंपातून असंच पानी निघे. आमी ते नाल्यात सोडो."

"प्या. दुसरं काही जात नाही तोंडात."

हे अक्षरशः खरं होतं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा डोमाजींनी चाळीस वर्षं चघळला होता, आणि आता गालांची आतली कातडी वाळल्या चामड्यासारखी आखडली होती. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, हा डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम आणि तेच माप. डोमाजींच्या तोंडात नऊ काड्या मावत. काडी दोन मिलिमीटरची, म्हणजे अठरा मिलिमीटर. यवतमाळचा डॉक्टर म्हणाला होता, खर्रा बंद करा, रोज व्यायाम करा, तिखट नसलेलं पातळ खा. आठ जुलैला तेरा काड्या बसल्या तर बघू. नाही बसल्या तर ऑपरेशन, आणि पुढचे चार-सहा महिने घरात कोणीतरी सतत हवं.

ते 'कोणीतरी' साधनाच होती. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात हे दोघंच. दहा जुलैला तिला नागपुरात एम.एस्सी.चा प्रवेश पक्का करायचा होता. रसायनशास्त्राची जागा मिळाली होती, पण त्या दिवशी गेलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती.

डोमाजींना हे सगळं ठाऊक होतं. "माह्या तोंडातून रस्ता काढून राह्यली नागपूरले," ते दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "तेरा काड्या म्हने. बापाचं तोंड का बोगदा व्हय?"

याआधी त्यांनी तांदळाची पेज परत पाठवली होती आणि केळ्याच्या शेकचा ग्लास अंगणात भिरकावला होता. जांभळाची स्मूदी मात्र त्यांनी शिव्या देत का होईना, संपवली. दुसऱ्या दिवशीही संपवली. तिसऱ्या दिवशी बुद्धविहारातून परत आल्या आल्या स्वतःच विचारलं, "ते नालीचं पानी झालं का?"

साधना मनातल्या मनात खूश झाली, पण चेहऱ्यावर काही आणलं नाही. आठवड्याभरात काड्या अकरा झाल्या. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा टिंबानं मांडला आणि टिंबं जोडली. रेघ चढत होती. या वेगानं पाच जुलैलाच तेरा होणार होत्या.

मग रेघ आडवी झाली. अकरा, अकरा, अकरा. एक जुलैला दहा.

काय बदललं असेल, याचा ती एकेक करून विचार करू लागली. तिनं व्यायामाची वेळ वाढवली. गूळ कमी केला. दही आंबट होत असेल म्हणून रोज ताजं लावलं. संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावून ती त्यांचं तोंड तपासायची, कारण खर्र्यानं जीभ आणि हिरड्या विटकरी होतात.

"आ करा."

"हे पाह्य. दिसला का खर्रा? नीट पाह्य, मास्तरीन."

जीभ जांभळी, हिरड्या जांभळ्या, ओठांच्या कडाही जांभळ्या. विटकरी काहीच दिसत नव्हतं. जांभळाचा डाग तासन् तास जात नाही, आणि आता ते संध्याकाळीही एक ग्लास मागत होते.

चार जुलैला तिनं धुवायला त्यांचा पांढरा दुपट्टा उचलला. तोंड पुसलेल्या जागी जांभळे डाग होते, ते अपेक्षितच होते. पण दुपट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन बोटांचे ठसे होते, अंगठा आणि तर्जनी. ते जांभळे नव्हते. निळसर हिरवे होते, मोरचुदासारखे.

साधनानं दुपट्टा उजेडात धरला. जांभळाचा रस आम्लात लालसर राहतो आणि अल्कलीत हिरव्या-निळ्याकडे जातो. पहिल्या वर्षाला तिनं हाच प्रयोग जास्वंदीच्या पाकळ्यांवर केला होता. जांभळाच्या रसानं भरलेल्या त्या बोटांना काहीतरी अल्कली लागलं होतं. साबण? दुपट्टा तर अजून पाण्याला लागला नव्हता, आणि हे गृहस्थ साबणानं हात धुणारे नव्हेत. सोडा? घरात सोडा नव्हता. राख? गॅसच्या घरात राख कुठली?

ती बेबीताईंकडे गेली. बेबीताई पान खायच्या.

"ताई, जरासा चुना द्या."

"काय वो, बापाचं बंद केलं अन् तू चालू केलं का?"

साधनानं अंगणातलं जांभूळ दुपट्ट्याच्या कोपऱ्यावर चिरडलं आणि त्यावर चुन्याचं बोट टेकवलं. डाग डोळ्यांदेखत हिरवा-निळा झाला. शेजारच्या ठशासारखाच.

बेबीताईंनी कपाळावर हात मारला. "विहारात जातो म्हने रोज सकाळी. पानठेल्यावरून जातो हे नाई सांगत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले काय, साऱ्या वस्तीले माहीत हाय. तुलेच नवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साधनानं नेहमीसारखी स्मूदी केली आणि तिच्यात बेबीताईंकडचा चमचाभर चुना ढवळला. दही आंबट, त्यामुळे रंग पालटायला वेळ लागला. पण शेवटी ग्लासात शेवाळलेल्या टाक्याच्या पाण्यासारखं काहीतरी तयार झालं. ते तिनं बाहेरच्या ओट्यावर डोमाजींसमोर ठेवलं. "पिऊ नका," ती म्हणाली, "फक्त पाहा."

"हे काय व्हय?"

"चुना. तुमच्या बोटांना असतो तो."

"कोनं सांगतलं?"

"जांभळानं."

त्यांनी ग्लास लाथेनं उडवला. ओट्यावरून हिरवा ओघळ अंगणात गेला. "बापाची जासूसी करते! यासाठीच शिकवलं का तुले?"

"जीभ रंगवायला स्मूदी पीत होतात तुम्ही. मला वाटत होतं, आवडते."

"थे आवडाची वस्तू व्हय?"

"एक सांगा." तिचा आवाज चढला नाही. "मी नागपूरला जाऊ नये, म्हणून खर्रा खात होतात का?"

डोमाजी हसले. त्यांचं हसू दहा काड्यांएवढंच उघडत असे. "तुयासाठी खाईन? तुया जन्माच्या आधीपासून खाऊन राह्यलो. तू कोन माह्या खर्र्यात?"

त्यांनी तिला अडवायला खाल्लं असतं, तर भांडायला काहीतरी हाती आलं असतं. इथं तर ती कुठल्याच हिशेबात नव्हती. प्रवेश सोडून ती वर्षभर थांबली असती, तर ते वर्षही खर्र्याच्या पुडीतच गेलं असतं.

तिनं कॅलेंडर भिंतीवरून काढलं. काड्यांचा जुडगा त्यांच्या मांडीवर टाकला.

"आजपासून तुम्हीच मोजा. आठ तारखेला यवतमाळला तुम्हीच जा. मी आज नागपूरला निघते, मैत्रिणीकडे राहीन."

"अन् हे कोन करन?" त्यांनी आतल्या मिक्सरकडे हात केला.

"तीन मिनिटं लागतात. वीस जांभळं, वाटीभर दही, अर्धं केळं, गूळ. झाकण दाबून धरा."

"मले हात हायेत."

"तेच तर पाहिले मी."

ती आत जाऊन पिशवी भरू लागली. स्वयंपाकघरात भांडी आपटली. फ्रिजचं दार उघडलं, बंद झालं. मग मिक्सर सुरू झाला, आणि दोनच सेकंदांत शिव्यांसकट थांबला.

पिशवी घेऊन ती बाहेर आली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्यावर, डोमाजींच्या बनियनवर जांभळे शिंतोडे होते. मिक्सरच्या भांड्यात उरलेलं ते भांड्यातूनच पीत होते. जांभळं त्यांनी हातानंच कुस्करली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत माखले होते.

साधनाची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. त्यांनी ते ओळखलं. भांडं खाली ठेवून त्यांनी पंजा तिच्या नाकासमोर धरला.

"पाह्य! पाह्य, जासूस!"

अंगठा जांभळा, तर्जनी जांभळी. पाचही बोटं जांभळी. हिरवं कुठंच नव्हतं.

"आधी हात धुतले होते का?" तिनं विचारलं.

डोमाजींनी पंजा मागे घेतला. "मंग काय तशाच हातानं करू?"

म्हणजे काहीच सिद्ध होत नव्हतं. साधनानं चपला घातल्या. दारात क्षणभर थांबली, मागे न वळता म्हणाली, "झाकण सैल आहे. मी सांगितलं होतं," आणि बस स्टँडकडे चालू लागली.