राजेसाहेबांची वेस

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना राज्य मिळालं. कॉम्प्युटरमधलं, पण राज्यच. लेक सासरी परत जाताना तो खेळ घालून देऊन गेली. म्हणाली, "बाबा, जुन्या काळातला राजा तुम्ही. शेती, जकात, सैन्य, सगळं तुम्हीच बघायचं." तेव्हापासून मी ह्यांना राजेसाहेब म्हणते. त्यांना ते खरंच आवडतं, त्याला मी तरी काय करणार?

राजेसाहेबांचं एक तत्त्व आहे. चूक झाली की खेळ मागे नेऊन पुन्हा खेळता येतो म्हणे, पण हे नेत नाहीत. "खऱ्या राजाला अशी सोय असते का?" लग्नाच्या बाबतीतही त्यांचं हेच धोरण आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी इमारतीतल्या रहिवाशांची बैठक होती. तळमजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिथे कापड बेतायला सरहद्दीपलीकडून आलेली एक बाई आहे. तिला सगळे कात्रीबाईच म्हणतात. कात्री अशी चालवते की आपण कापले गेलो हे कापडालाही उशिरा कळावं. ती राहत होती ते घर मालकाने विकलं. नव्या घराचा पत्ता दाखवल्याशिवाय तिचा इथे राहायचा परवाना वाढणार नव्हता, आणि परवाना नाही तर महिनाअखेर तिला परत जावं लागणार. गच्चीलगत इमारतीची एक खोली रिकामी होती. ती कात्रीबाईला भाड्याने द्यायची की नाही, यावर निम्मी इमारत हो म्हणत होती, निम्मी नाही. अशा वेळी अध्यक्षाचा शब्द शेवटचा. आणि अध्यक्ष कोण? आमचेच हे.

"मी तिथे तुझा नवरा म्हणून बसणार नाही," सकाळीच त्यांनी बजावलं. "एकदा बाहेरच्याला जागा दिली की पायंडा पडतो."

"पडू दे की. सध्या तिथे नुसती कबुतरांची घाण पडतेय."

"तुला राज्यकारभार कळत नाही."

"नाही बाई. मला आपलं बिऱ्हाड कळतं."

दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून बटणं लावत होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. राजेसाहेबांच्या वेशीवर नदीपलीकडून दुष्काळातली माणसं आली. आत घ्यायचं का, असा पडद्यावर प्रश्न. ह्यांनी वेस बंद केली. तेवढ्यावर थांबतील तर ते हे कसले? त्याच झटक्यात फर्मान काढलं, की पूर्वी आलेल्या परक्यांनीही राज्य सोडावं.

"सगळ्यांनी?" मी विचारलं.

"धान्य आपल्या माणसांना पुरायला नको?"

फर्मान लागू झालं आणि माणसं चालू लागली. गिरणीवाले गेले, गवंडी गेले, घोड्यांना नाल मारणारे गेले. कोठारं धान्याने भरलेली, पण दळायला कुणी नाही. जकात गोळा करणाराही परकाच निघाला. खजिना तापातल्या माणसासारखा खंगत चालला.

"अहो, ही कोण चालली? डोक्यावर मुकुट दिसतोय."

ह्यांनी चष्मा पुसला. ती राणी होती. नदीवरचा घाट पदरात पडावा म्हणून ह्यांनीच शेजारच्या राज्यातून करून आणलेली. आई परकी ठरल्यामुळे युवराजाचाही गादीवरचा हक्क गेला. थोड्याच वेळात म्हातारा राजा वारसाविना मेला आणि पडद्यावर अक्षरं आली : राज्य संपलं.

"मागे न्या की आजच्या दिवस," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं होतं.

"नाही." समोरचा चहा गार झाला तरी हे तसेच बसून. मग पुटपुटले, "राणीला तरी वगळायला हवं होतं."

"मला वगळलं असतं का? माझंही माहेर नदीपलीकडचंच."

"तुझं वेगळं."

"वेगळं कसलं? पहिली काही वर्षं सासूबाई मला 'ती तिकडची' म्हणायच्या. तुम्ही पेपर वाचत असायचात."

यावर राजेसाहेबांनी तो गार चहा एका दमात संपवला.

जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बैठक भरली. कात्रीबाई दुकानाच्या दारात उभी राहून मोजपट्टी गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मधल्या मजल्यावरचे दंतवैद्य उठले. "माझं त्या बाईंशी वैर नाही. हा अंगातला कोटही त्यांनीच बेतलाय. पण जागा इथल्या माणसांनाच मिळावी."

"इथला म्हणजे कोण?" ह्यांनी विचारलं.

"ज्याचे वाडवडील इथले, तो."

"म्हणजे माझी बायको गेली. तुमची सूनबाई गेली. मग दळायचं कुणी?"

"काय दळायचं?"

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी पदरात तोंड लपवलं.

"आणि फर्मान एकदा सुटलं की मागे घेता येत नाही, डॉक्टर. आजच अनुभव घेतलाय."

हात वर झाले. समसमान. कात्रीबाईच्या हातातली मोजपट्टी थांबली. ह्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "खोली द्यावी. गच्चीवरच्या दोऱ्या मात्र सगळ्यांच्या."

"ताई, हो म्हणाले?" कात्रीबाईने हळूच विचारलं.

"म्हणाले. थोडं फिरून आले, पण म्हणाले."

"साहेब, तुमच्या सगळ्या पँटी लांबीला कमी करून देते. फुकट."

"छे छे, लाच नको," हे घाईघाईने म्हणाले आणि पायात येणारी पँट वर ओढत जिना चढून गेले.

आता नवं राज्य मांडलंय. वेस सताड उघडी. काल जेवायला हाक मारली तर आतून वैतागलेला आवाज आला, "थांब गं! इतकी माणसं आलीत की धान्य पुरेना."

"मग आता?"

"आता काय? नांगर वाढवतोय."