वर काय लिहिणार?

स्टेपलरच्या पिनाच होत्या त्या. अर्जाच्या झेरॉक्समध्ये कोपऱ्यात काळ्याशा उमटलेल्या. एकीवर एक, तिरक्या, अशा दोन. अशा पिना जगात फक्त दादा मारतो. लहानपणी तिच्या वह्यांनाही त्यानंच मारल्या होत्या... "आता वादळ आलं तरी पानं सुटायची नाहीत."

दवाखान्याची औषधांची खिडकी उघडायला दहा मिनिटं होती. बाटल्या पुसायचं सोडून तिनं तो मथळा पुन्हा वाचला. 'तळे बुजवण्यास आम्हा रहिवाशांची हरकत नाही.' हरकतीतला लांब शेपटाचा ह, तोही त्याचाच. आणि खाली दोनशे बारा सह्या — तिनं दारोदार फिरून घेतलेल्या, तळं वाचवण्यासाठी.

सकाळी फोनवर म्हणाला, "अगं, तळं जाणारच होतं. निदान त्या जागी बाग तरी पदरात पडेल. तुला व्यवहार कळत नाही."

व्यवहार! दहा वर्षं त्याच्यामागून ती तळ्याच्या पाण्याचे नमुने घेऊन फिरली. लोकांना विचारल्याशिवाय इथलं ढेकूळही हलणार नाही, असं सांगून सभांमधून टाळ्या यानंच घेतल्या — आणि केसानं गळा कापला, सख्ख्या भावानं. रडूही येईना, इतका संताप.

पण कागद त्याला कोरा मिळाला कसा?

ती थबकली. मथळा कोरा ठेवायची पद्धत तिचीच. आधी सह्या, मजकूर मागाहून; वाचत बसले की लोक शंका काढतात, वेळ जातो... शिवणकाम करणाऱ्या मावशींनी या एका सहीसाठी महिनाभर अक्षरं गिरवली होती. सही झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "वर काय लिहिणार, ताई?"

"ते आम्ही बघतो हो."

आम्ही. म्हणजे मी आणि दादा. म्हणजे मीही त्यांना नुसतं मोजलंच होतं?

दादाला ती क्षमा करणार नव्हती. त्यात काही बदल नव्हता. फक्त त्या रागात आता तिला पूर्वीसारखं ऐसपैस बसता येईना.

खिडकीवर टकटक झाली. मावशीच होत्या, नातीच्या खरजेचं मलम न्यायला आलेल्या. "ताई, अर्जाचं काय झालं? माझी सही नीट आलीय ना?"

'आली' म्हणणं सोपं होतं. सही खरंच फार नीट आली होती. तिनं कागद पालथा घातला. मग उलटून खिडकीतून पुढे सरकवला.

मावशींनी सही शोधलीच नाही. वरच्या ओळीवर बोट ठेवून त्या अक्षरं लावू लागल्या, "त... ळे..."

लागू दे वेळ, तिला वाटलं. तेवढा वेळ तरी तिला कोणी काही म्हणणार नव्हतं.