पहिली ओळ कुणाची

माझी आई आणि मावशी जुळ्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, इतक्या सारख्या. पण आई मोठी आणि मावशी धाकटी, हा आमच्या घरातला कायदा, आणि त्या काही मिनिटांच्या थोरलेपणावर आईने अडुसष्ट वर्षं राज्य केलं. मावशीने कुठली नोकरी धरावी, केस कापावेत की नाही, सगळं आईच ठरवायची. मावशीच्या बैठकीच्या खोलीतले ते भयंकर हिरवे पडदेसुद्धा आईनेच निवडलेले. ‘मोठ्यांचा शब्द शेवटचा’ असं आईने म्हटलं की संपलं. मावशी कुरकुरायची आणि ऐकायची.

मग आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडायला लागला. एकदा मी दारात उभी होते, तर मला म्हणाली, “या, बसा. मुलगी येईलच इतक्यात.” मी हसले, पण मला ते लागलं. गेल्या महिन्यात जिना संपला असं समजून तिने पाय टाकला आणि कपाळाला चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलंत तर ऑपरेशन अवघड होईल, नजर पुरती परत येईल याची खात्री मी देणार नाही.

आईकडे कारणांना तोटा नव्हता. डॉक्टर पोरसवदा आहे. थंडी फार आहे. थंडी संपली तर ऊन फार आहे. मी चिडले, रडले, चार दिवस अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

अशात त्या दोघींच्या म्हाताऱ्या आत्याने बोलता बोलता बॉम्ब टाकला. “पहिलीच्या पायाला मी दोरा बांधला होता,” ती म्हणाली. “आंघोळ घालताना तो सुटला. मग जी जास्त भोकाड पसरून रडत होती, तिला बांधला.”

मावशी थेट आमच्याकडे आली. चप्पलसुद्धा न काढता आईसमोर उभी राहिली.

“मी मोठी निघाले तर ऑपरेशन करशील?”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. “सरकारी कागद आण. त्यावर तू पहिली असलीस, तर तू म्हणशील ती पूर्व दिशा.”

कागद काही सापडायचा नाही, अशी तिची खात्री होती.

मी जिल्हा कचेरीत अर्ज टाकला. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, घराचा पत्ता, सगळं नीट लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘शोध घेतला असता सदर नोंद आढळून येत नाही.’ आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि शिरा खाल्ल्यासारखं तोंड केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद घेऊन मी तावातावाने कचेरी गाठली.

अभिलेख कक्ष तळघरात होता. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत कापडी पाठीचे जाडजूड खंड, आणि टेबलामागे अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या एक बाई. मी जेवढं म्हणून भांडण पाठ करून आले होते, तेवढं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “मुली जन्मल्या तेव्हा वडील कुठे होते?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“अहो, आमची वही जन्माच्या तारखेने लागत नाही, नोंदवल्याच्या तारखेने लागते. बाळ कधी झालं ते मला सांगू नका. वडील कचेरीत कधी आले ते सांगा.”

माझा सगळा ताव उतरला. आजोबा तारेचे खांब रोवणाऱ्या टोळीवर होते. पोरी झाल्याचं त्यांना पत्राने कळलं आणि चार महिन्यांनी त्यांनी त्यांची तोंडं पाहिली, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. आणि अर्जात मात्र तेवढीच लिहिली नव्हती.

पेन्सिलबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून अर्जावर चार महिन्यांपुढचा खंड क्रमांक लिहिला. “गुरुवारी या. काढून ठेवते.” मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

आईने जाहीर केलं, “वही माझ्यासमोर उघडायची. तुमचा दोघींचा मला काडीचा भरवसा नाही.” म्हणून गुरुवारी आमची वरात तळघरात उतरली. मी पुढे, माझ्या खांद्यावर आईचा हात, मागे मावशी, आणि दर पायरीला आईची सूचना, “धाकटे, जपून उतर.”

खंड टेबलावर तयार होता. बाईंनी खुणेची पट्टी काढून पान उघडलं. आई वहीवर वाकली. नाक कागदाला टेकलं, मग मान लांब नेली, मग डोळे चोळले. शेवटी सरळ उभी राहिली.

“तू वाच,” ती मावशीला म्हणाली.

मावशीने चष्मा लावला. मीही तिच्या खांद्यावरून डोकावले. फिकट शाईत, एकाखाली एक, दोन ओळी होत्या. जन्मवेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटे, मुलगी. जन्मवेळ चार वाजून पस्तीस मिनिटे, मुलगी. पुढे वडिलांचं नाव, आईचं नाव, आजोबांची सही. आणि बाळाच्या नावाचा रकाना दोन्ही ओळींत कोरा.

मावशीचं बोट त्या कोऱ्या रकान्यावर थांबलं. तिने नुसतं ‘पहिली मी’ म्हटलं असतं तर काम फत्ते. आईला दिसत नव्हतं, मी तोंड उघडणार नव्हते, आणि पेन्सिलबाई छताकडे बघत होत्या. मी मनातल्या मनात ओरडत होते, थाप मार मावशी, आयुष्यात एकदा थाप मार!

“नाव नाहीये गं ताई,” मावशी म्हणाली. “दोघींचंही नाही. नुसतं मुलगी, मुलगी लिहिलंय.” आणि तिला रडू फुटलं. मला तिचा राग आला आणि तिच्यावर मायाही दाटून आली.

आईने चाचपडत तिचा हात धरला.

“पूर्वी असंच व्हायचं,” पेन्सिलबाई हळूच म्हणाल्या. “वडील परत येईपर्यंत बारसं थांबायचं, आणि बारशाआधी नोंद केली की नाव राहून जायचं. रकाना भरता येतो. अर्ज आहे, दोघींच्या सह्या लागतील.”

“पण पहिली कोण, ते कोण सांगणार?” मी विचारलं.

“ज्यांची नोंद आहे त्यांनीच. तुमच्या माहितीप्रमाणे लिहायचं.”

“द्या इकडे,” आई म्हणाली. “धाकटे, माझं बोट पहिल्या ओळीवर ठेव.”

मावशीने नाक पुसत तिचं बोट अर्जावर नेऊन टेकवलं. आईने पेन घेतलं आणि मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव लिहिलं. मावशीचं.

“अगं, हे काय केलंस?”

“माझ्या माहितीप्रमाणे लिहिलं. माझ्या माहितीप्रमाणे मी नुसती जास्त रडले होते.” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मला फार भीती वाटते गं. डोळ्याला सुई लावणार म्हणे. मोठीला घाबरून चालत नाही, म्हणून बोलले नाही. आता तू सांग, ताई. तू सांगितलंस तर मी येईन.”

अडुसष्ट वर्षांत आईने तिला पहिल्यांदा ताई म्हटलं. मावशीने पदर तोंडावर धरला. मग घसा खाकरून तिने आयुष्यातला पहिला हुकूम सोडला.

“सोमवारी. सकाळी नऊला. मी तुझा हात धरून आत येणार, डॉक्टर काहीही म्हणोत.”

“बरं.”

“आणि माझे हिरवे पडदे मी आजच काढणार आहे.”

“चांगले आहेत गं ते,” आई म्हणाली, पण ऐकलं.

पेन्सिलबाईंनी अर्जावर शिक्का मारला तो इतक्या जोरात की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले.

पहिला डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मावशी समोरच स्टुलावर बसली होती, हातात पेन्सिलबाईंनी तातडीने करून दिलेला दाखला घेऊन. आईने पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दाखल्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मावशीच्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिली.

“अगं बाई, ताई! किती म्हातारी झालीस गं तू!”

“होणारच,” मावशी म्हणाली. “तुझ्यापेक्षा पंचवीस मिनिटांनी मोठी आहे.”