पाय दाखवा

सरकारी गोळीबद्दल सोजरबाईची काही तक्रार नव्हती. महारोगाचा चट्टा पाठीवर उठल्याला दोन वर्षं झाली होती, आणि चौऱ्याहत्तरचा उन्हाळा लागेपर्यंत गोळ्यांनी तो चांगलाच फिका पडला होता. तक्रार होती ती गोळी घरपोच आणणाऱ्या रामधनबद्दल. महिन्यातून एकदा त्याची सायकल दारात उभी. आल्या आल्या म्हणायचा, "पाय दाखवा." तळव्याला जखम नाही ना, हे बघायचा नियमच होता. माणूस मायाळू, पण गावाला सुगावा लागला तर विहिरीवर कोणी उभं करणार नव्हतं. शेजारणींना तिनं तो मलेरियावाला असल्याचं ठोकून दिलं होतं.

"मी केनवडच्या बाजारात येऊन गोळ्या घेत जाईन ना भाऊ. तू घरी कायले येतं?"

"घरी येनं हेच तं आमचं काम हाय, बाई," रामधन म्हणायचा. गेल्या वर्षीच मालेगावकडून बदलून आलेला हा गडी कामाला भलताच पक्का.

नेमका तो टपकला, तेव्हा मालेगावकडच्या किन्हीराजाचे पाहुणे तिच्या लेकीला, अंजनाला बघायला आले होते. मुलगा मास्तर. मुलीच्या आईचा रोग कळला असता, तर चहाही न घेता उठले असते.

"हे मलेरियावाले," सोजरबाईनं घाईघाईनं सांगून टाकलं. रामधनही उमजला आणि दारातच गप उभा राहिला. पुरुष मंडळी कपाशीच्या गप्पांत रंगली होती.

मुलाची आई भागिरथाबाई मात्र रामधनकडं बघत होती. बघता बघता तिनं लुगड्यातून उजवा पाय पुढं काढला आणि तळवा वर करून त्याच्यासमोर धरला. कोणी म्हटलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मग तिचं तिलाच कळलं आणि तोंड पांढरंफटक पडलं. पाय आखडून घ्यायचंही तिला सुचेना.

सोजरबाईला त्या बाईची इतकी कीव आली, की स्वतःची भीती ती विसरूनच गेली.

"काय झालं वो?" भागिरथाबाईच्या नवऱ्यानं मान वळवली.

सोजरबाई पुढं सरकली. तो पाय तिनं सगळ्यांदेखत आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्यावरून बोट फिरवलं.

"काटा रुतला त्यायले," ती म्हणाली. "बसा इहीनबाई, मी काढतो."